एका जुन्या मोटारीचे नवे शॉकअप

मित्रांनो, मी एक जुनी, छोटी, पांढरी मोटारगाडी आहे. पांढरी म्हणायचं ते सवयीनं. आता माझ्या अंगावर रंगापेक्षा सिद्धगडाच्या पायथ्याची तांबडी मातीच जास्त दिसते. माझं वय सोळा. माणसाला सोळाव्या वर्षी पंख फुटतात म्हणे, मोटारीचे मात्र सांधे कुरकुरायला लागतात. मी आयुष्यात खूप रस्ते पाहिले, पण तुम्हाला सांगायचे आहेत ते चारच दिवस. त्या चार दिवसांत मी जेवढी घाबरले, तेवढी ऐन पुराच्या पाण्यातून जातानाही घाबरले नव्हते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं माझं अंग चार स्प्रिंगांवर बसवलं आणि प्रत्येक स्प्रिंगच्या जोडीला तेलानं भरलेलं एक नळकांडं दिलं. त्याला गॅरेजवाले शॉकअप म्हणतात. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि शॉकअप तिला उगाच नाचू देत नाही. खड्डा माझ्या पायाखाली राहतो, माणसाच्या पाठीपर्यंत पोचत नाही. माझं खरं काम तेच, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

पहिली काही वर्षं मी कल्याणला एका वकिलांकडे होते. मग मला मुरबाड तालुक्यातल्या भगीरथनं घेतलं. भगीरथ मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला जायचा आणि राहिलेल्या वेळात घरची भातशेती बघायचा. त्याची बायको अनिता वांगी, काकडी, मिरच्या लावायची. धसईच्या बाजाराला जाताना ती पुढच्या सीटवर पाटी मांडीवर घेऊन बसायची आणि चढ चढून गेलं की म्हणायची, "चल गो बाय, दमलीस का?" त्या एका वाक्यावर मी पुढचे दोन चढ चढायचे.

पण मित्रांनो, कौतुक आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळायची, काच लखलखीत व्हायची, पण खाली वाकून कोणी बघत नसे. माझ्यात भाताची पोती चढली, सिमेंट चढलं, एकदा तर लग्नाचे नऊ वऱ्हाडी चढले. हळूहळू शॉकअपमधलं तेल झिरपून गेलं. मी मागच्या बाजूनं खचले. खड्डा आला की 'धाडकन' आवाज यायचा. भगीरथ म्हणायचा, "जुनी झाली, आता आवाज करनारच." आणि रेडिओ मोठा करायचा.

मग तो दिवस आला. अनिता बियाण्याचं भात काढायला माळ्यावर चढली आणि शिडी सरकली. ती पाठीवर पडली. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन लांब गेली होती. चौघांनी तिला फळीवर उचलून माझ्या मागच्या सीटवर ठेवलं. पाठीचं काम शहापूरच्या दवाखान्यात होईल म्हणून मुरबाड मागं टाकून आम्ही तिकडे निघालो. शहापूरपर्यंतचा तो रस्ता मी कधीच विसरणार नाही. प्रत्येक खड्ड्याला मी आपटत होते आणि प्रत्येक आपटण्याला अनिता ओरडत होती. भगीरथ रडत रडत चालवत होता. मला थांबायचंही होतं आणि पोचायचंही होतं.

शहापूरच्या दवाखान्यात तिच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली. ती त्यातून निभावली. पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारी घरी न्या. पट्टा बांधून आडवं झोपवून न्यायचं. पण एक लक्षात ठेवा, तिला जोराचा हादरा बसता कामा नये."

भगीरथ बाहेर आला. दवाखान्याच्या आवारात मी उभी होते. त्यानं माझ्या डिकीवर दोन्ही हात ठेवून जोरात दाबलं आणि सोडलं. मी चार वेळा वरखाली झाले, डुगडुगत राहिले.  मला लाज वाटली. मोठी रुग्णवाहिका मिळाली तरी आमच्या पाड्याच्या अरुंद, दगडी चढणीवर ती येत नाही. तिथं मीच जाते. म्हणजे अनिताला घरी पोचवायचं ते मलाच.

तो मंगळवार होता. भगीरथनं मला सापगावच्या बाजूच्या एका गॅरेजात नेलं. गॅरेज हितेशचं. हात कुशल, पण कायम घाईत. त्यानं खाली वाकून टॉर्च मारला आणि तो चुकचुकला.

"भगीरथदादा, चारी शॉकअप मेलेत, स्प्रिंगा बी बसल्यात. मूळ कंपनीचे मागवले तर आठ दिवस लागतील."

"आठ दिवस नाय माझ्याकडं. शुक्रवारी मानूस घरी न्यायचाय."

"मग बाहेरचे हायेत, स्वस्तातले. मुरबाडला दुकानात पडलेत. वाईट नायत. पन बसवताना जपायला लागतं, आनि बसवल्यावर चालवून बघायला लागतं."

"तुज्या गाडीत तुजी आई झोपनार असती, तर बसवले असते का?"

हितेशनं टॉर्च विझवून खिशात घातला. मग म्हणाला, "बसवले असते."

बुधवारी नवे शॉकअप आणि नव्या स्प्रिंगा आल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात, काळ्या, चकचकीत, अनोळखी. त्या माझ्या मापाच्या म्हणून आल्या होत्या, पण माझ्या नव्हत्या. तुम्ही कधी दुसऱ्याची चप्पल घातली आहे का? बोटं आत जातात, पण पाऊल बिचकतं. तसं मला झालं. हितेशनं मला जॅकवर उचललं, चाकं काढली, जुनी गंजलेली नळकांडी उपसली. एकामागून एक नवी बसवत तो भराभर नट आवळत गेला. मी अजून हवेतच होते, माझे पाय लोंबकळत होते, आणि त्यानं सगळं घट्ट करून टाकलं. खालच्या सांध्यांत जाड रबर असतं. ते लोंबकळत्या अवस्थेतच आवळलं गेलं. मला जमिनीवर उतरवलं तेव्हा ते रबर पिळलं गेलं. मला कळत होतं. सांगणार कशी?

गुरुवारी चाचणी होती. भगीरथनं मागच्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात त्याची आई धोंडीबाई पुढं आली. ती दवाखान्यात सुनेजवळ राहत होती; त्या दिवशी अनिताची बहीण आली म्हणून मोकळी होती.

"पोतं काय सांगनार हाय तुला?" ती म्हणाली. "मी झोपते मागं. माजी हाडं खोटं बोलत नाय."

"आये, तुला लागंल."

"मला लागलं तर तिला लागायचं वाचंल. दार उघड."

ती सत्तरीतली म्हातारी मागच्या सीटवर आडवी झाली, गुडघे दुमडून, हात छातीवर ठेवून. हितेश पुढं बसला. आम्ही सापगावचा पूल ओलांडून मुरबाडच्या दिशेनं निघालो. मी उंच उभी होते, ऐटबाज दिसत होते, आणि आतून घाबरले होते. पहिला खड्डा आला. मी आपटले नाही, पण लाकडासारखी ताठ उडाले. पिळलेलं रबर मला खाली बसूच देईना.

"आये?" भगीरथनं विचारलं.

"पयले आपटायची, आता उडते," धोंडीबाई म्हणाली. "ह्याच्यापरीस बैलगाडी बरी."

हितेशचा चेहरा उतरला. तो कारणं सांगू शकला असता. पण त्यानं गाडी परत वळवायला सांगितली आणि गॅरेजात पोचताच तो माझ्याखाली घुसला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "दादा, चूक माजी हाय. चाकं लोंबत असताना नट आवळले मी." त्यानं मला चारी चाकांवर नीट उभं केलं, मागच्या सीटवर आजीला बसवलं, सगळे नट सैल केले. माझं अंग आपल्या वजनानं हळूच खाली बसलं. रबराचा पीळ सुटला. मग त्यानं आडवं पडून एकेक नट पुन्हा आवळला. मला अगदी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

दुसरी फेरी. खड्डा आला, चाक खाली गेलं, वर आलं, आणि संपलं. भगीरथ पहिल्यांदा हसला. हितेश म्हणाला, "बघा! मऊ झाली का नाय?"

पण माझ्या पुढच्या डाव्या खांद्यात काहीतरी होतं. खोल खड्ड्यातून वर येताना तिथं 'टक्' व्हायचं. बारीकसं. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येत नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं. उद्या अनिता झोपणार होती आणि मी एवढी मोठी धातूची काया असून मला एक शब्द बोलता येत नव्हता.

"थांबव रे," मागून धोंडीबाई म्हणाली. "कायतरी ठोकतंय."

हितेशनं कान दिला. "नाय आजी. आनि असलं तरी नवीन सामान हाय, बसंल दोन दिवसांत."

"दोन दिवसांत बसंल, पन मानूस उद्या न्यायचाय. कानानं मला कमीच ऐकू येतं, पोरा. पाठीला ऐकू येतं. डाव्या अंगाला, पुढं."

भगीरथ गोंधळला. एकीकडे कारागीर, दुसरीकडे आई. दिवस कलत आला होता. सगळं पुन्हा खोलायचं म्हणजे उद्या सकाळपर्यंत जुळलं नाही तर?  मग त्यानं माझी चावी हितेशच्या हातात ठेवली आणि एवढंच म्हणाला, "खोल."

गॅरेजात परत नेऊन खोललं. डाव्या शॉकअपच्या डोक्यावर जे गोल रबर असतं, ते हितेशनं जुनंच ठेवलं होतं. वरून धड दिसत होतं. उलटं केलं तर आतून अर्धं फाटलेलं. हितेश ते हातात घेऊन बसून राहिला. "अजून थोडे खड्डे," तो हळूच म्हणाला, "आनि पुढचा आधारच सुटला असता." त्यानं धोंडीबाईच्या पायाला हात लावला. मग शहापुरातून नवं रबर आणलं, आणि डावं बदललं तसं न सांगता उजवंही बदललं. तिसऱ्या फेरीला धोंडीबाई काहीच बोलली नाही. भगीरथनं तीनदा विचारलं तेव्हा वैतागून म्हणाली, "आरं, सांगन्यासारखं काय नाय म्हनून सांगत नाय ना!"

शुक्रवारी सकाळी अनिताला आणलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मागच्या सीटवर झोपवताना तिनं दाराचं हँडल घट्ट धरलं. तिला येतानाचा रस्ता आठवत होता, आणि मला तिची बोटं जाणवत होती.  भगीरथ चालण्याच्या वेगानं निघाला. मी प्रत्येक दगड आधी पायानं चाचपला, मग त्यावर भार टाकला. एका उतारावर अचानक म्हैस आडवी आली, भगीरथनं ब्रेक दाबला, पुढची दोन्ही चाकं एका खळग्यात गेली.  नव्या स्प्रिंगा दबल्या, शॉकअपनी त्यांना धरलं, आणि त्या सावकाश वर आल्या.

मागून काही आवाज आला नाही. भगीरथ मागं वळून बघायलाही धजेना.

कितीतरी वेळानं अनिताची बोटं हँडलवरून सुटली. ती झोपाळू आवाजात म्हणाली, "अवो, मुरबाड अजून लांब हाय का?"

भगीरथनं आता कुठं मागं वळून पाहिलं. "मुरबाड मागं ऱ्हायलं गो," तो म्हणाला. "कवाच."

मित्रांनो, वस्तू बोलत नाहीत असं तुम्ही समजता. आम्ही बोलतो, पण आमची भाषा फार तोकडी आहे. एखादी टक्, एखादी कुरकुर, एवढंच. ती झाकायला गाण्याचा आवाज वाढवू नका. सायकल असो, पंखा असो, घरातलं म्हातारं माणूस असो, कुरकुर ऐकू आली की क्षणभर थांबा, खाली वाका आणि विचारा, कुठं दुखतंय? सुटा भाग स्वस्त असला तरी चालेल. बसवणारा हात घाईत नसावा, आणि चूक कळली तर पुन्हा खोलायची त्याला लाज नसावी. कारण आमच्या पाठीवर दर वेळी कुणीतरी झोपलेलं असतं.