वाळूचा उतारू

मी वाळूचा उतारू बोलतोय. एखाद्याच्या डोक्यात भुसा भरलाय, असं लोक चिडून म्हणतात. माझ्या डोक्यात खरोखरच वाळू भरलेली आहे, आणि पोटातही. अंग जाड ताडपत्रीचं, हातपाय दोरीनं आवळलेले. रोलर कोस्टरच्या पहिल्या डब्यात माणसांच्या आधी मला बसवायचे. मला काही वाटत नाही, हीच माझी लायकी.

मला बाईंनी शिवलं. बाई म्हणजे इंजिनिअर. आधी त्या खाणीतल्या ढकलगाड्यांसाठी रूळ आखायच्या. उतारावर एखादी रिकामी गाडी सुटली की कामगार ओरडत बाजूला पळायचे, आणि बाई मात्र ती कुठे उसळते, कुठे रूळ सोडायला बघते, ते पाहत उभ्या राहायच्या. खाण बंद पडल्यावर एका करमणूक बागेच्या मालकानं त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्या वडिलांना ते मुळीच रुचलं नाही. एवढं शिकूनसवरून शेवटी पाळणेवाली झालीस, असं ते म्हणाले. बाईंनी ते सगळ्या वर्कशॉपला हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा बाई हसायच्या.

वर्कशॉप बागेच्या मागच्या अंगाला होतं. वर पत्रा, खाली ग्रीसनं काळी पडलेली फरशी, मधोमध लांब टेबल. टेबलावरची ड्रॉइंगं उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर मोठाले नट ठेवलेले. तिथले फोरमन म्हणजे बाईंचे यजमान. कामाच्या वेळी तेही बायकोला सगळ्यांसारखं ‘बाई’ म्हणायचे. डबा उघडला की ‘अगं’ सुरू. शाळा सुटली की त्यांची लेक यायची आणि उपड्या पिंपावर बसून पाय हलवत गणितं सोडवायची. चुकलं की आई सांगायची, बाप उत्तर सांगून मोकळा व्हायचा.

बाईंना गाडी उलटी फिरवायची होती. उतारावरून सुसाट यायचं, उभ्या चक्रात शिरून डोकं खाली पाय वर व्हायचं आणि पुन्हा सरळ धावायचं. तोवर त्या मुलखात असं कुणी केलेलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये त्या चक्राला सगळे कोलांटी म्हणायचे. परकारानं काढावी तशी ती गोल होती.

मी त्या कोलांटीतून पुष्कळदा गेलो. वर पोचलो की आभाळ पायाखाली यायचं, आणि मी पुन्हा जसाच्या तसा फलाटावर. छातीवरची दांडी उचलून माणसं मला चाचपायची, शिवणी तपासायची. कुठे उसवलो नव्हतो. माझं डोकं थेट खांद्यांना शिवलेलं होतं. मान मला दिलेलीच नव्हती, तर ती दुखणार कुठून?

आणखी थोडे दिवस वाळूच फिरवू, असं बाईंच्या मनात होतं. पण फोरमननी दांडीला हात घातला आणि म्हणाले, वाळू बसली, आता माणूस बसू दे. बाईंनी एकदा कागदावर नजर टाकली आणि मान हलवली. मला उचलून बाकावर ठेवलं. माझ्या जागी फोरमन बसले. लेकीला हात केला. साखळीनं गाडी वर ओढली, गाडी सुटली, कोलांटीत शिरली, बाहेर आली आणि ब्रेक लागून हळू हळू फलाटाशी थांबली. ओरडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. दांडी उचलली तरी ते उठले नाहीत.

“पाय कुठे गेले माझे?” त्यांनी विचारलं. अगदी साध्या आवाजात.

पाय जागेवरच होते. मानेतला एक मणका दबला होता, आणि त्याच्याखाली त्यांना पुढे कधीच काही कळलं नाही. जीभ, डोळे, आणि उजव्या हाताची दोन बोटं तेवढी त्यांची राहिली.

दवाखान्यातून आल्यावर बाईंनी त्यांना घरी ठेवलं नाही. रोज सकाळी चाकाच्या खुर्चीत बसवून वर्कशॉपमध्ये आणायच्या. खुर्ची माझ्या शेजारी, खिडकीपाशी. आम्हा दोघांनाही कुणीतरी आणून ठेवावं लागे, आणि तोंडावर बसलेली माशी दुसऱ्या कुणीतरी हाकलावी लागे. बाई ते न बोलता करायच्या. त्या रडल्या नाहीत. भेटायला आलेली माणसं बाहेर पडताना म्हणायची, दगडाची आहे. मी दगडाच्या फार जवळचा, म्हणून सांगतो, त्या तशा नव्हत्या. त्यांचं सगळं एका जागी थांबलं होतं, इतकंच.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. स्टूल घेऊन नवऱ्यासमोर बसायच्या आणि विचारायच्या, पहिल्यांदा कुठे जाणवलं? शिरताना की वर? फोरमन डोळे मिटून आठवायचे. वर काहीच नाही, म्हणायचे. वर तर हलकं वाटलं. तळाशी गाडी वर वळली, तिथं कुणीतरी डोकं धरून खांद्यांत दाबल्यासारखं झालं. एकदम? एकदम. बाई उठून टेबलाशी जायच्या, रेघ ओढायच्या, परत येऊन तेच दुसऱ्या शब्दांत विचारायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दोघांत दुसरं बोलणंच उरलं नव्हतं.

लेकीला ते सोसवेना. ती आता पिंपावर बसायची नाही, दाराशीच उभी राहायची. एकदा दप्तर खाली टाकून ती म्हणाली, “आई, बाबाला एकदा तरी विचार ना, कसा आहेस म्हणून.”

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. उत्तर फोरमननी दिलं.

“विचारू दे तिला हेच. दुसरं काही विचारलं तर मला रडू येईल, आणि मग नाक कोण पुसणार?”

लेक पुढे झाली आणि तिनं त्यांचं नाक पुसलं. अजून ते रडले नव्हते. बाई पुन्हा टेबलाकडे वळल्या.

त्या प्रश्नांमधून नवी कोलांटी निघाली. ती गोल नव्हती. तळाशी ऐसपैस, वर निमुळती, लोंबत्या थेंबासारखी. शिरताना रूळ एवढ्या हळू वर वळायचा की ओझं अंगावर एकदम न पडता चढत चढत यायचं. आणि बाईंनी मला उसवलं. डोकं आणि खांदे यांच्यामध्ये स्प्रिंग घातली, तिच्याभोवती कॉलर शिवून तिच्या आत खडू फासला. मान सोसवेल त्याहून जास्त दबली, तर हनुवटीखाली पांढरा डाग उमटणार. अशी मला मान मिळाली. मिळाल्यावर कसं वाटलं, असं विचाराल तर, काही नाही. पण आता मला सांगता येणार होतं.

मालक मात्र हात झटकायच्या बेतात होते. एक माणूस गेल्यातच जमा आहे, कोलांटी मोडून भंगारात घाला, म्हणाले. बाई एवढंच बोलल्या, की जुनी मोडाच, नवीत आधी मी बसते. त्यांच्याही आधी मी गेलो. परत आलो तेव्हा त्यांनी माझी हनुवटी वर करून पाहिली. स्वच्छ होती. तरी त्यांनी दिवसच्या दिवस मला फिरवलं. मग त्या बसल्या. खिडकीतून फोरमनना रूळ दिसत होता. त्यांची दोन बोटं खुर्चीच्या हातावर आपटत होती. गाडी थांबली तशी बाई थेट त्यांच्याकडे आल्या. या वेळी विचारणारे ते होते, आणि त्या एकेक वळण सांगत गेल्या.

पुढे माणसांनी ती कोलांटी डोक्यावर घेतली. माणसांचं एक मला कळलं नाही. रांगेत उभी असताना घाबरतात, वर ओरडतात, आणि उतरल्यावर केस सारखे करत पुन्हा रांगेत लागतात. दूरदूरचे इंजिनिअर बघायला आले. बाईंनी काही लपवलं नाही. अट एकच घातली, तुमच्या पुतळ्याला मान असली पाहिजे. एका पत्रकारानं विचारलं, ही कल्पना सुचली कशी? बाई म्हणाल्या, सुचली नाही, कुठे दुखलं ते माझ्या नवऱ्यानं सांगितलं. छापून आलं ते असं, की खिडकीच्या काचेवरून ओघळणारा थेंब पाहून त्यांना ती सुचली. बाईंनी ते वाचलं आणि त्या कागदात वॉशर गुंडाळून ठेवले.

फोरमन एका थंडीत छातीत कफ भरून गेले. नंतर बाई कामावर आल्या आणि चाकाची खुर्ची सवयीनं खिडकीपाशी सरकवली. ती बरेच दिवस तशीच राहिली. मग एकदा त्यांनी तिच्यावर नटबोल्टचं खोकं ठेवलं, आणि ती वर्कशॉपची खुर्ची झाली. बाई म्हाताऱ्या होईपर्यंत रूळ आखत राहिल्या. थेंबाच्या कोलांट्या आता पुष्कळ बागांत आहेत. तिथं बसणाऱ्यांना ना बाई ठाऊक, ना फोरमन. त्यांच्या माना शाबूत आहेत, इतकंच.

लेक आता याच बागेची तपासनीस आहे. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी ती पहिल्या डब्यात स्वतः बसते. माझ्या जागी पाण्यानं भरलेले नवे पुतळे आलेत, त्यांच्या अंगभर तारा असतात. मी गोदामात, दाराजवळच्या फळीवर. तिथून फलाट दिसतो.

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेक नेहमीसारखी आली. मॅनेजर म्हणाले, आईंच्या मानासाठी आज गाडी बंद ठेवू. लेक म्हणाली, “बंद कशाला? लोक आलेत.” आणि जाऊन बसली. गाडी कोलांटीतून फिरून आली. कसं वाटलं ते तिला आज विचारावं की नको, हे गाडी चालवणाऱ्याला कळेना, म्हणून तिनंच सांगितलं, वर ठीक आहे, तळाशी उजव्या चाकाला बारीकसा हिसका आहे, बघून घ्या. दांडी उचलली गेली. ती मात्र तशीच बसून राहिली. फाटकाबाहेर रांग वाढत होती. कुणी तिला ऊठ म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं ती उठली, चाक सुटं करून पुन्हा बसवून घेतलं आणि मगच फाटक उघडायला सांगितलं.

माझी पोटाची शिवण आता गेली आहे. झाडणाऱ्या मावशी रोज चिमूटभर वाळू केरात भरतात आणि कुरकुरतात, की ही येते तरी कुठून. मी काही फार दिवसांचा नाही.

तेवढ्यात एक सांगून ठेवतो. कधी अशा गाडीत बसलात आणि उतरताना तिथल्या माणसानं कसं वाटलं म्हणून विचारलं, तर ‘मस्त’ म्हणून सुटू नका. कुठे हिसका बसला, मान कुठे अवघडली, ते थांबून सांगा. मागचे लोक ढकलतील, तरी सांगा. तो माणूस रीत म्हणून विचारत नसतो. त्याला ते खरंच हवं असतं.