नोंदवहीतला चौथा रकाना

एकोणीस वर्षं शिकवतेय, पण एका सुईनं मला जेवढं छळलं तेवढं कुठल्याच विद्यार्थ्यानं छळलं नाही. आमच्या नॅनोविज्ञानाच्या प्रयोगशाळेत टनेलिंग मायक्रोस्कोप आहे. त्याची सुई ग्राफाइटच्या तुकड्यावरून, एका नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतर राखून फिरते आणि पडद्यावर अणूंची जाळी उमटते. म्हणजे उमटायला हवी. आमच्या तासाला तीन महिने नुसत्या लाटा उमटत होत्या.

विभागप्रमुखांनी स्पष्टच सांगितलं होतं, "सत्र संपेपर्यंत पोरांना अणू दिसले नाहीत, तर हा अभ्यासक्रम बंद. यंत्र संशोधनवाल्यांना देऊन टाकू." हा अभ्यासक्रम मी भांडून सुरू केलेला. सहा विद्यार्थी, पहिलीच तुकडी. शुक्रवारी दुपारी तीनला प्रमुख शेवटचं बघायला येणार होते.

लाटा म्हणजे कुठून तरी येणारा हादरा. मी एकेकावर खापर फोडलं. लिफ्ट बंद करवली, तर चौथ्या मजल्यावरचे प्राध्यापक प्रत्येक पायरीला माझा उद्धार करायचे. खालच्या वर्कशॉपच्या फोरमनशी कडाक्याचं भांडले. यंत्राखाली सायकलच्या ट्यूबा फुगवून ठेवल्या. घरीही जेवताना तेच पुराण. सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे आमच्याकडे मीठ मागायचं तरी सभेत भाषण ठोकल्यासारखं मागावं लागतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." मला रागच आला.

शुक्रवारी सकाळी शेवटची तालीम. मी यंत्राशेजारी उभी राहून समजावतेय आणि पडद्यावर पुन्हा लाटा. वैतागून मी नोंदवही ओढली. ती लिहायचं काम मागच्या बाकावरच्या एका मुलीकडे होतं. सगळे तिला मुंगी म्हणत, कारण बोलणं कमी आणि काम अखंड. तिनं मिनिटामिनिटाची नोंद ठेवली होती. रकाने चार: लिफ्ट, इमारतीचा पाण्याचा पंप, वर्कशॉप आणि चौथा, 'मॅडम'. त्याखाली लिहिलं होतं: 'बोलत आहेत, लाटा.' 'फोन घ्यायला बाहेर, चित्र स्थिर.' 'परत आल्या, बोलत आहेत, लाटा.' असं सलग पाच आठवडे.

"हे काय आहे?" मी विचारलं. पडद्यावर भलीमोठी लाट उसळली. सहाही जण जमिनीकडे बघायला लागले.

"मॅडम, सुईला आवाजाचाही हादरा बसतो," मुंगी म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

"मग पाच आठवडे गप्प का बसलीस?"

"तुम्ही इतकं मनापासून समजावत होतात. मध्येच कसं थांबवायचं?"

खरं तर संतापायला हवं होतं, पण मला हसूच फुटलं. काखेत कळसा नि गावाला वळसा! तीन महिने मी अख्ख्या इमारतीला गप्प करत फिरत होते.

तीन वाजता मी तोंड घट्ट मिटून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. "काय, कुठे आहेत तुमचे अणू?" प्रमुख दारातूनच गरजले. सहाही जण ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे वळले. प्रमुख बिचारे मुकाट्यानं खुर्चीत बसले. मुंगी कुजबुजत सांगू लागली, सुई किती वर आहे, मधल्या फटीतून प्रवाह कसा जातो, अंतर वाढलं की तो कसा वाढतो. वाढतो? मी जीभ चावली. स्टुलावरून अर्धी उठले. तेवढ्यात तिच्या शेजारचा हळूच म्हणाला, "घटतो, घटतो." तिनं मान हलवली, चूक सुधारली आणि पुढे गेली. मी परत बसले. माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं, आणि त्याचं मला वाईट न वाटता चक्क बरं वाटत होतं.

मग पडद्यावर एक ओळ उमटली. तिच्याखाली दुसरी, तिसरी. सारख्या अंतरावर बसलेले ठिपके, ओळीनं मांडलेल्या मण्यांसारखे. कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं. प्रमुखांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि चवड्यांवर चालत माझ्याजवळ आले.

"पुढच्या वर्षी किती जणांना घेऊ या?" त्यांनी माझ्या कानात विचारलं.

मी दोन्ही हातांची दहा बोटं वर केली. त्यांनी मान डोलावली.

मुंगीनं चित्र साठवलं, सुई उचलली आणि वळून म्हणाली, "झालं, मॅडम. आता बोला."

सहा चेहरे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. डोळे वाहायला लागले होते.