हळदकुंकू लावलेली खुनाची गोष्ट

ऐका तर. न्यू जर्सीत वेस्ट विंडसर नावाचं एक आटपाट गाव आहे. तिथे शशिकांत नावाचे डॉक्टर राहत होते. त्यांना एक बायको, नीला. एक मुलगी, शुभा. एक मुलगा, प्रल्हाद. बायको देवाघरी गेली, मुलगी जर्सी सिटीला, मुलगा विमानानं जावं लागेल इतक्या लांब मॉरिसव्हिलला, आणि एवढ्या मोठ्या घरात डॉक्टर एकटे. त्यांच्याच घरातली मी, एक जुनी इंग्रजी रहस्यकादंबरी, बोलतेय.

माझ्या पोटात एक खेडं आहे. इंग्लंडमधलं. एक चर्च, एक तळं, चहाच्या निमित्तानं एकमेकींच्या घरातलं हुंगत हिंडणाऱ्या बाया, आणि टेकडीवर एका म्हाताऱ्या जमीनदाराचं घर. हा म्हातारा एके रात्री गरम दूध पिऊन झोपतो तो उठतच नाही. मग मुलगा, मुलगी, पुतण्या, सगळे मृत्युपत्राभोवती गोळा. दुधात कोणी काय घातलं ते शेवटच्या प्रकरणात. एवढं सगळं पोटात घेऊन गप्प पडून राहणं सोपं नाही हो. गुपित आहे आणि तोंड नाही, अशा जिवाला कसली आलीय चैन!

नीलाबाईंनी मला लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमधून उचललं. माझं कव्हर फाटून गेलेलं. त्यांनी किराण्याची खाकी पिशवी कापली आणि मला झकास नवं कव्हर घातलं. वर नाव नाही, गाव नाही, नुसता खाकी कागद. खुनी कोण ते ठाऊक असूनही त्या मला पुन्हा पुन्हा वाचायच्या. नवऱ्याला म्हणायच्या, "अहो, एकदा वाचा तरी." डॉक्टर म्हणायचे, "दिवसभर माणसं जगवतो, रात्री मारायची कशाला?"

बाई गेल्या आणि मग डॉक्टरांनी मला हातात घेतलं. आधी नुसते मांडीवर धरून बसायचे. मग वाचायला लागले. मध्येच खिडकीबाहेर बघायचे, मध्येच फोन यायचा. फोन मुलाचा असला की म्हणायचे, "हो रे, विकून टाकू घर. येतो तुझ्याकडे." मुलीचा असला की म्हणायचे, "छे गं, मी इथून हलत नाही." मी मांडीवरच असायचे, दोन्ही ऐकायचे, आणि माझी पानं नुसती फडफडायची. अहो, माझ्या पोटातला म्हाताराही नेमकं हेच करत होता!

यंदा दसरा शनिवारी आला. बाईंच्या माघारी पहिलाच दसरा, म्हणून दोन्ही मुलं आली. शुभानं आपल्या मुलीला, आन्याला, आणलं होतं. पण भावाबहिणीत धड बोलणं नव्हतं. हा तिला म्हणे, "मीठ दे," ती बरणी सरकवून देई, एवढंच.

पूजा प्रल्हादनं मांडली. सरस्वती काढली, आईची पुस्तकं आणली. त्यात त्याला मी दिसले. खाकी कव्हर, कडा मऊ झालेल्या, आईच्या उशाशी असायची ती. त्याला वाटलं, आईची रोजची पोथी. डोळे पुसून त्यानं मला मधोमध ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. पोटात खून आणि कपाळाला कुंकू! मी लाजेनं अर्धी झाले.

डॉक्टर आंघोळ करून आले आणि बघतच राहिले. "अरे प्रल्हाद, ती माझी कादंबरी आहे! शेवटचं प्रकरण राहिलंय."

"काय सांगता! मी तर नमस्कार करून तिला नोकरीचं गाऱ्हाणं घातलं."

"आजोबा, जस्ट रीड इट ना!" आन्या म्हणाली.

"नाही गं बाळा. पूजेतलं पुस्तक उद्यापर्यंत उघडायचं नाही, तुझ्या आजीचा नियम."

पण डॉक्टरांना चैन पडेना. जेवताना श्रीखंड बाजूला सारून त्यांनी सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, "सांगा, दूध कोणी नासवलं?"

प्रल्हाद ताटाकडे बघत म्हणाला, "मुलीनं. बापाजवळ तीच. सगळं तिच्याच हातात."

शुभानं पुरी खाली ठेवली. "आणि जो वर्षातून एकदा उगवतो, आल्याआल्या घरं विकणाऱ्या रिअल्टरला फोन लावतो, तो मुलगा काय साधू?"

"त्या गोष्टीत रिअल्टर नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"या घरात आहे ना!"

"ताई, बाबा बर्फात पडले ते तू मला चार दिवसांनी सांगितलंस."

"लगेच सांगितलं असतं तर तू घर विकायला निघाला असतास."

"मला घर नकोय गं! बाबाच म्हणाले, विकू या."

"मला तर म्हणाले, हलणार नाही!"

दोघं थांबली. मान वळवून दोघांनीही बापाकडे बघितलं. मी फुलाखाली श्वास रोखून धरला.

डॉक्टरांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "खुनी कोण ते मला माहीत नाही. पण तुमच्यात भांडण लावणारा सापडला. मीच तो. तुझं ऐकलं तर ही रुसेल, हिचं ऐकलं तर तू रुसशील. म्हणून ज्याला जे आवडेल ते बोलत गेलो."

"पण तुम्हाला काय हवंय, बाबा?" शुभानं विचारलं.

"हे घर हवंय. पण संध्याकाळी इथे दुसऱ्या कुणाच्या तरी चपला दिसायला हव्यात."

मग प्रल्हाद म्हणाला, "ताई, तूच ये ना राहायला. ऑफिसला इथूनही ट्रेन आहेच."

"आणि तुझं काय?"

"दिवाळीला माझी खोली द्यायची."

"तुझ्या खोलीत आन्या राहणार."

"मग सोफा! पण पांघरूण चांगलं दे, मागच्या खेपेला टॉवेल दिला होतास."

शुभाला हसू फुटलं, आणि हसताहसता ती रडायला लागली. प्रल्हादनं तिच्या ताटात आपली पुरी वाढली.

दुसऱ्या दिवशी मला कुणी उघडलं नाही. शुभा पडद्यांची मापं घेत होती, प्रल्हाद तिच्या सामानासाठी गाडीची चौकशी करत होता, डॉक्टर उगाच प्रत्येकाच्या मागे मागे. माझं शेवटचं प्रकरण अजून राहिलंय, माझी घालमेल काही संपलेली नाही. पण आता शुभा राहायला आलीय, दारात चपलांचा ढीग असतो, आन्या जिना दणाणून सोडते, आणि डॉक्टर प्रल्हादशी फोनवर बोलतात ते शुभाच्या देखत. बाबांनो, आयांनो, मनातलं जिवंतपणी सांगून टाका, सगळ्यांना एकदम सांगा. शशिकांतांच्या घरी जसं सुख आलं, तसं तुमच्याही घरी येवो.