इंजिनाचा मोडका स्टड आणि दाजींचा संशय

सुज्ञ वाचकहो, संशयरूपी गंज मनुष्याच्या मनास कसा धरतो आणि तो कोणत्या युक्तीने सुटतो, याची हकीकत येथे यथामती निवेदन करीत आहे.

सन १९६१ च्या भाद्रपदात, नवे भात येण्यापूर्वी साफसफाईकरिता दाजींच्या तळेऱ्याच्या भातगिरणीचे इंजिन उघडीत असता, त्याच्या डोक्याचा एक स्टड, म्हणजे आट्यांचा जाड खिळा, मुळाशी कडाड् मोडला आणि तळचा तुकडा आतच अडकून राहिला. पाना इंजिनचालक लवूच्या हाती होता. लवूचा मेहुणा नांदगावास नवी गिरण घालीत होता. सबब हा घात बुद्धिपुरस्सरच, असे दाजींनी तत्क्षणी ठरविले.

रेडी बंदरावरून सत्यवान मिस्त्रीस पाचारण झाले.

"करवतीची खूण गावली तर आजच चलतो हो, लवू," दाजी गरजले.

"आणि नाय गावली तर चाय पाजतास?" लवूने विचारले खरे, पण चाकरी गेली तर खायचे काय? घरी पाच तोंडे होती.

सत्यवानाने अडकलेल्या तुकड्याच्या मध्यावर खूण ठोकली, रॉकेल सोडले, भोक पाडले आणि त्यात चौकोनी टोकाची पोलादी सळई ठोकून बसविली. मग पान्याने किंचित मागे, किंचित पुढे, असे तो धीराने करीत राहिला. मध्ये त्याने लवूकडून विडी घेतली. झाले! दोघांचे संगनमत आहे, असे समजून दाजी मिस्त्रीच्या बोटांवरून दृष्टी काढीनात.

अखेरीस तुकडा कुरकुरत बाहेर आला. मोडल्या जागी गंजाने तो पार खाल्ला होता.

"करवत नाय, काय नाय," सत्यवान म्हणाला. नंतर त्याने तारेने इंजिनातल्या रिकाम्या भोकाचे तोंड कोरले. आतून लाल पिंजर, म्हणजे पूजेचे कुंकू, निघाली आणि करवंटीची एक कपची.

"दाजीनू, नारळ खंय फोडतास?"

"इंजिनाच्या डोक्यार. दर अवसेक, माज्या हातान. देव राजी रवाक होयो मां?"

"देव राजी रवलो. लोखंड रवला नाय. सगळा पाणी हयच मुरला."

दाजींचे कान तांबडे झाले. नवा स्टड बसला, इंजिन खोकून सुरू झाले, तेव्हा रिवाजाचा नारळ घेऊन ते पुढे झाले, थबकले, आणि तो त्यांनी लवूच्या हाती दिला.

"भायर फातरार फोड, बाबा."

"आणि चाय?"

"मेल्या, चाय पण!"

ही हकीकत शेवटपर्यंत वाचणाऱ्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
भिवा सोनू घाडी