एकवीस दिवसांचा कोट

"माप समोर उभ्या असलेल्या माणसाचं घ्यायचं. त्याच्या मनातल्या माणसाचं नाही."

टेप हातात घेतली की मावशीला वडिलांचा हा आवाज अजून ऐकू येई. वडील शिंपी होते. मशीनला हात लावण्याआधी डोळे मिटून प्रार्थना म्हणायची, गिऱ्हाइकाचं माप वहीत तारखेसह लिहायचं आणि एकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही, हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. मावशीची प्रार्थना एक दिवसही चुकली नव्हती. मापाच्या बाबतीत मात्र एकदा चूक झाली, आणि तीही घरच्याच मुलीच्या.

ही मुलगी म्हणजे तिची भाची. बहीण गेल्यापासून मावशीनेच वाढवलेली. अखंड बडबड, म्हणून लहानपणापासून नाव पडलं चिमणी. आता चोवीस वर्षांची चिमणी एका हॉटेलात तळघरातल्या टेलिफोनच्या खोलीत बसे. तिचा आवाज ऐकून लोक चौकशी करत, या कोण बोलतात म्हणून. वरच्या स्वागताच्या काउंटरवर जागा निघाली तेव्हा तिनं अर्ज केला. मॅनेजरनं तिच्याकडे पायापासून वर पाहिलं आणि म्हणाला, "आवाज चांगलाय हो. पण काउंटर म्हणजे आमचा चेहरा. कोट अंगावर बसला पाहिजे."

त्या संध्याकाळी ती निळं कापड घेऊन घरी आली.

"मावशी, कंबर चौतीस धर."

"टेप अडतीस म्हणतेय."

"टेपला काय कळतंय? एकवीस दिवसांनी चौतीस होणार आहे." तिनं पिशवीतून बारीक होण्याच्या पावडरचा डबा काढला. "दिवसाला तीन ग्लास, बस. बाकी काही नाही. बँकेतल्या बाईंनी दिलाय."

बँकेतल्या बाई मावशीच्या जुन्या गिऱ्हाईक. हल्ली जाईल तिथे त्या हे डबे विकत. डब्यासोबत एक पत्रक होतं. एका बाईचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. दोन्हींत मुंडकं नव्हतं, नुसती कंबर. खाटकाकडे टांगल्यासारखी. मावशीनं ते पालथं ठेवलं. नंतरच्या फोटोतल्या स्कर्टची पट्टी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली, पण तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

"आणि माया ठेवू नकोस," चिमणी म्हणाली.

शिवणीच्या आत बोट-दीड बोट कापड जास्तीचं दुमडून ठेवतात, पुढे कपडा सैल करता यावा म्हणून. शिंपी त्याला माया म्हणतात. मायेशिवाय कापड कापणं म्हणजे वडिलांच्या दुकानात पापच.

"अगं, उद्या लागलं तर?"

"म्हणूनच नको. माया आहे म्हटलं की मी म्हणणार, जाऊ दे, मावशी उसवून देईल. परतीचे दोर कापूनच टाक."

मावशीनं कापले. भाचीच्या हट्टापायी कापले असं ती पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिली. पण आतलं खरं वेगळं होतं. "मुलगी गुणी आहे, अंगानं जरा..." असं म्हणून लोक वाक्य अर्ध्यात सोडत आणि उरलेलं अर्धं मावशीला गिळावं लागे. चौतीसची चिमणी तिलाही हवीच होती.

मग ते एकवीस दिवस सुरू झाले. ग्लासात गुलाबी-राखाडी गाळ ढवळायचा आणि नाक दाबून प्यायचा. प्यायल्यावर ग्लासाच्या कडेला त्याचा पापुद्रा वाळून बसे, तो नखानं खरवडावा लागे. सगळ्या घराला गोड औषधी वास. आठव्या दिवसापासून चिमणीच्या तोंडाला नासक्या फळासारखा वास येऊ लागला. न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके अडकू लागले. पाळी चुकली. "मावशी, भांड्यावर झाकण ठेव ना, वास येतो," असं ती म्हणे तेव्हा आपण जेवतो आहोत याचीच मावशीला लाज वाटे. बडबड कधी थांबली ते कळलंही नाही. घरात चिमणी होती, चिवचिव नव्हती.

एकविसाव्या दिवशी कोट बसला. गळपट्टीपासून शेवटच्या बटणापर्यंत, जणू अंगावरच शिवलेला.

आणि आता ज्याची खरी किळस यावी ते सांगते. सगळ्यांनी अभिनंदन केलं. डोळ्यांखाली खड्डे पडलेली, जिना चढताना कठडा धरणारी मुलगी, आणि शेजारणी म्हणतात, "काय सुरेख दिसतेस गं, करतेस तरी काय?" मॅनेजरनं हात मिळवून काउंटरवरची जागा दिली. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "कोट घालून एक फोटो दे हं, पत्रकाला होईल." मावशीनंही तिला दृष्ट लागेल म्हणून काळजी केली. आपण सारे असेच आहोत. आजारी माणूस बारीक झालं की आपण त्याला शाबासकी देतो.

डबा संपला, आणि भूक परत आली. कोंडून ठेवलेली भूक कशी येते ते उपाशी राहिलेल्यालाच माहीत. चिमणी समोर बसून दोन घास खाई आणि "पुरे" म्हणे. पण एक दिवस मशीनखालची चिंध्यांची पिशवी उपसताना मावशीच्या हाताला चिकट काही लागलं. बिस्किटांचे कागद. एक नाही, तीस-चाळीस, घड्या घालून चिंध्यांत खोचलेले. काहींना मुंग्या लागलेल्या. मावशीला आधी मुलीचीच शिसारी आली. मग तिनं त्या कागदांच्या नीटनेटक्या घड्यांकडे पाहिलं, आणि शिसारीचा रोख फिरला. माझ्याच घरात हिला चोरून खावं लागतंय, आणि तेही माझ्याच चिंध्यांत लपवून.

अडीच महिन्यांत कोटाचं मधलं बटण लागेनासं झालं. चिमणी आतून दोन सेफ्टी पिना लावून उभी राहू लागली. एका शुक्रवारी पाहुण्याला किल्ली द्यायला ती वाकली आणि पीन उघडून पोटात घुसली. अस्तरावर रक्ताचा डाग पडला. मॅनेजर म्हणाला, "सोमवारपर्यंत कोट बसवा. नाहीतर खाली टेलिफोन आहेच."

शनिवारी ती तोच कोट घालून मावशीसमोर उभी राहिली. "थोडा सोड ना."

मावशीनं शिवण उलटी केली. सोडायला काही नव्हतंच. कापडाची कड शिवणीला चिकटलेली. टेप लावली तर चाळीस.

"मग मी दुसरा डबा आणते. या वेळी दहा दिवस. आणि जेवणच नाही, नुसतं पाणी आणि पावडर."

"सोमवार परवा आहे, बाळा."

"मग मी रजा टाकते. मी काहीतरी करते. तू फक्त थांबवू नकोस मला."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आहे का कुणी घरात?" बँकेतल्या बाईच. काखेत पिशवी, पिशवीत तीन स्कर्ट. "कमरेत जरासे सोडायचेत गं. धुऊन आटलेत मेले."

चिमणी पुढे झाली. "बाई, एक डबा हवाय. आहे?"

"आहे की. तुझ्यासाठी नाही म्हणेन का?" बाईंचा हात सवयीनं पिशवीत गेला.

मावशी सहसा आवाज चढवत नसे. तेव्हाही चढवला नाही. कपाटातून मापाची वही काढली, एक पान उघडलं आणि बाईंपुढे ठेवलं. "हिच्या हातात डबा देण्याआधी एकदा तुमचं पान वाचा. मी वाचणार नाही. एकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही, असा आमच्या घरचा नेम आहे. पण तुमचं तुम्ही वाचू शकता."

बाई हसल्या. "हे काय नवीन?" पण नजर पानावर गेलीच. मग हसू मावळलं. त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकलं. शेवटी त्यांनी चिमणीकडे पाहिलं, कोटाच्या फटीतून दिसणाऱ्या, पिनेच्या जखमेवरच्या मलमपट्टीकडे, विरळ झालेल्या भांगाकडे. आणि मोठ्यानं वाचू लागल्या, शाळेत पाढे म्हणावेत तशा.

"छत्तीस. डबा घेतला, बत्तीस. सात महिन्यांनी अडतीस. पुन्हा डबा, चौतीस. मग एक्केचाळीस. मग छत्तीस. आज..." त्यांनी टेप स्वतःच उचलून कमरेला लावली. "आज चव्वेचाळीस."

"आणि पत्रकातला तो स्कर्ट मी शिवलाय," मावशी म्हणाली. "पट्टी आत्ता ओळखली."

"हो. ती कंबर माझीच आहे. बत्तीस होती त्या एका आठवड्यातली." बाई खुर्चीत बसल्या. "मुंडकं मीच कापायला सांगितलं. कुणी ओळखू नये म्हणून."

चिमणीनं विचारलं, "मग तुम्ही हे विकता कशाला?"

"दर वेळी वाटतं, चूक माझीच. डबा बरोबर आहे, मीच हावरट. तुझं पाहून वाटलं होतं, निदान हिला तरी जमलं." त्यांनी डबा पिशवीच्या तळाशी ढकलला. "नाही देणार तुला. आणि तो फोटोही देऊ नकोस."

बाई स्कर्ट ठेवून गेल्या. चिमणी खाली फरशीवर बसली, कोटासकट. "म्हणजे मी बारीक होणारच नाही?"

"तसं मी कुठे म्हटलं?" मावशी तिच्याशेजारी बसली. "एकवीस दिवसांत जे गेलं त्यात निम्मं पाणी होतं, आणि थोडी तुझी ताकद. देहाला उपाशी मारलं की तो घाबरतो गं. पुढच्या वेळेसाठी साठवून ठेवतो. मी इतकी वर्षं प्रार्थना म्हणते, ती कशी टिकली? पाच मिनिटांची आहे म्हणून. एका दिवसात वर्षाची म्हणायला बसले असते तर तिसऱ्या दिवशी देवालाही रामराम ठोकला असता. जो नेम रोज पाळता येतो तोच नेम. जो संपायची आपण वाट बघतो तो नेम नाही, शिक्षा आहे. वेळेवर जेव, चारचौघांत जेव. रोज थोडी चाल. पाळीचं डॉक्टरांना दाखवू. वर्षानं इंचभर कमी झालीस तर झालीस. नाही झालीस तरी तू माझी चिमणीच आहेस."

"आणि कोट?"

मावशीनं कोटाची कड बोटांत धरली. "कोट मी चुकीचा शिवला. तू सांगितलंस म्हणून नाही. मलाही चौतीसची मुलगी हवी होती, आणि समोर अडतीसची उभी होती. मला माफ कर."

चिमणीनं डोळे पुसले ते कोटाच्या बाहीला, आणि मग बाहीकडे पाहून हसली. कित्येक आठवड्यांनी. "आता खराब झाला तरी चालेल ना?"

"चालेल. उद्या कापड आणते. सोमवारी सकाळपर्यंत चाळीसचा कोट. माझा शब्द."

"मग माझाही शब्द. मी तो घालून, पोटभर खाऊन, चालत जाणार. मॅनेजरला सांगणार, माझं माप हे आहे. ठेवायचं तर ठेवा. खाली पाठवलंत तर फोनवर बोलेन, पण उपाशी नाही बोलणार."

वाचकहो, वजन कमी करणं वाईट नाही. पण झटपटचा प्रत्येक डबा आपल्याकडून परतीची वाट कापून घेतो, आणि माणूस तर जुन्या मापावर परत येणारच असतं. देह काही उसवून पुन्हा शिवायचा कपडा नव्हे. त्याला रोज थोडं सांभाळावं लागतं, आणि त्याच्या आजच्या मापाचा मान ठेवावा लागतो. आणि कुणी बारीक दिसलं तर कौतुकाआधी एवढं तरी विचारावं, "जेवलीस का?"

सोमवारी सकाळी मावशीची प्रार्थना चालू होती. डोळे मिटलेले, पण कान उघडे. ताटाशी चमच्याचा आवाज झाला, सावकाश, न लपवता. मग नळाचं पाणी. खुंटीवरून कोट निघाला. आत दीड बोट माया, बाहेर सगळी बटणं लागलेली. चिमणीनं वाकून बुटाची नाडी बांधली, कुठे काही टोचलं नाही. मावशीची प्रार्थना मोडू नये म्हणून तिनं दार अगदी हलक्या हातानं ओढून घेतलं. बसथांब्यावर ती थांबली नाही, पुढे चालत निघाली.