खंडेनवमीचं तेल

दादानं तेलाच्या वाटीत चार बोटं बुडवली आणि ब्रेकच्या शूला वरून खालपर्यंत तेल चोळलं. मी माझ्या खिडकीत उभा होतो. आमच्या दोन घरांच्या मध्ये सामाईक अंगण आहे आणि अंगणापलीकडे त्याची पत्र्याची शेड, त्यामुळे सगळं समोरच दिसत होतं. खंडेनवमी होती. पाटावर पाने, हातोडी, पक्कड, जॅक असं सगळं धुऊन पुसून मांडलं होतं आणि शेजारी ओळीनं ब्रेकचे आठ शू. पान्यांना तेल लावलं ते बरोबरच. आबा, म्हणजे आमचे वडील, तसंच करायचे. लोखंडाला वर्षातून एकदा तरी तेल पाजावं, म्हणायचे. पण शूवर लायनरची पट्टी असते. ती चाकाच्या ड्रमला आतून घासते म्हणून चाक थांबतं. तिला तेल पाजलं की ती घासत नाही, घसरते. एस्टीच्या वर्कशॉपमध्ये मी अठ्ठावीस वर्षं ब्रेकचंच काम करतोय. हाताला ग्रीस असेल तर आम्ही नव्या लायनरला शिवतसुद्धा नाही.

दोन शू झाल्यावर दादानं मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी हाताची घडी घालून तसाच उभा राहिलो. तो पुन्हा खाली वाकला आणि उरलेल्या सहा शूंना तेल चोळलं. मग हळद-कुंकू वाहिलं आणि हात जोडले.

"आडानी," मी म्हणालो. पण ते आतल्या बाजूला, माझ्या बायकोला ऐकू जाईल असं.

"काय झालं?" क्रांतीनं विचारलं.

"लायनरला तेल लावतोय. उद्या गाडी काढनार आनि ब्रेक लागनार न्हाय."

"मग सांगा की."

"मी? नऊ वर्सं तोंडातनं शबूद काढला न्हाय, आता लायनरसाठी काढू व्हय?"

"मी सांगू वहिनींना?"

"तू मधी पडू नगंस. गाडी गेटापातूर गेली तरी लई झालं. थडकंल आनि बसंल गप."

खरंच मला तसं वाटत होतं का, हे मी अजून स्वतःला नीट सांगू शकलेलो नाही. त्याची गाडी गेटाला थडकावी आणि गल्लीनं ती बघावी, एवढं मात्र मला मनापासून वाटत होतं. ते मी लपवत नाही.

आमच्या भांडणाचं मूळ ती जीपच. लष्कराच्या लिलावातून आबांनी घेतलेली, चारही चाकांना ताकद असलेली. पावसाळ्यात पाचगावच्या माळावर बैलगाडी रुतायची, पण आबा दुधाचे कॅन घालून जीप चिखलातून हसत काढायचे. आबा गेल्यावर वाटणी झाली. मामांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एकीत जीप, दुसरीत मागची खोली आणि गोठा. जीप दादाला आली. दादा कॉलेजात प्रयोगशाळा परिचर. काचेच्या नळ्या धुवायच्या आणि पोरांच्या हातून फुटल्या की वहीत नोंद करायची. त्याला सायकलची साखळी चढवता येत नव्हती. मी म्हणालो, चिठ्ठी बदलून दे, मी दोन महिन्यांत गाडी रस्त्यावर आणतो. तो म्हणाला, "आबांची हाय. मी शिकंन." त्या दिवशी मी त्याला जे बोललो ते शेवटचं.

आणि शिकला काय? सात वर्षं गाडी ताडपत्रीखाली उभी. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. मी रोज कामाला जाता-येता ते बघायचो आणि माझं डोकं फिरायचं. वर्कशॉपात बिघडलेली गाडी मी कधी दुसऱ्या दिवसावर टाकली नाही आणि घरात आबांची गाडी असून तिला हात लावायची सोय नव्हती.

दोन वर्षांपूर्वी दादा रिटायर झाला आणि दुसऱ्याच दिवशी ताडपत्री काढली. शेडच्या दारावर त्यानं खडूनं यादी लिहिली. इंजिन, वायरिंग, तळाचा पत्रा, हूड, रंग, ब्रेक. एक पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. काढलेला प्रत्येक नट डबीत आणि डबीवर चिठ्ठी. काय चुकलं ते वहीत. एक कार्बोरेटर खोलून परत बसवायला त्याला अडीच महिने लागले. मी अंगणातून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो, "क्रांते, शेजारी बाळंतपन चाललंय वाटतं." तो वर बघायचा नाही. पण सहाव्या महिन्यात एका सकाळी इंजिन लागलं. तो आबांच्या गाडीचाच आवाज होता. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

ब्रेक सगळ्यात शेवटी, याला तर काय म्हणावं? जगात कुणीही आधी गाडी थांबवायची सोय करतो, मग चालवायची. ते कोडं श्रावणात सुटलं. संयोगिता वहिनी वाटीत खीर घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"भावजी, ह्ये म्हनत हुते, बाकीचं जमलं सगळं. ब्रेकचं तेवढं तुमी बघशीला का? त्यासाठनंच मागं ठेवलंय."

"त्यांना सांगा, मी एस्टीचा मेकॅनिक हाय. भंगारवाला न्हाय."

त्यांनी खीर ठेवली आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात दादा स्वतःच उद्यमनगरात जाऊन आठ शूंना नवे लायनर ठोकून घेऊन आला.

पूजेनंतर त्याच संध्याकाळी त्यानं ते शू बसवले. बसवण्याआधी फडक्यानं पुसले, तेही मी पाहिलं. पुसून काय होतंय? लायनरमध्ये तेल मुरतं. हँडब्रेकची केबल अजून आलीच नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी जीपला झेंडूचा हार होता. वहिनींनी ओवाळलं आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आत चढला. गेल्या उन्हाळ्यात बासष्टाव्या वर्षी तो ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन गाडी शिकला होता, त्यावरूनही मी गल्लीत पुष्कळ हसून घेतलं होतं. गाडी चालू झाली. लिंबं चिरडली. सीमोल्लंघन करून माळावरच्या देवळापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं तो गल्लीत सगळ्यांना सांगून बसला होता. मी गेटाच्या खांबाला टेकून उभा होतो. तो माझ्या पुढून गेला आणि गेटाला थडकला नाही.

गेटाबाहेर उतार आहे. खाली रस्त्याला फुलवाले बसलेले, दसऱ्याची गर्दी. दादानं ब्रेक दाबला. मागचे दोन्ही लाल दिवे लागले, वायरिंग त्यानं चोख केलं होतं. गाडी थांबली नाही. दिवे विझले, पुन्हा लागले. मग इंजिनचा आवाज एकदम सुटा झाला आणि मला कळलं, घाबरून त्यानं क्लचही दाबलाय. आता ब्रेकनं नाही आणि इंजिननंही नाही, गाडीला कुणीच धरलेलं नव्हतं.

"क्लच सोड," मी ओरडलो. "दादा, क्लच सोड."

नऊ वर्षांनी मी त्याला हाक मारली ती ही. त्याला ऐकू गेली की नाही, कोण जाणे. फुलवाल्यांच्या अलीकडे त्यानं स्टिअरिंग उजवीकडे मारलं आणि जीप रिकाम्या प्लॉटच्या दगडी भिंतीत घातली. मी पोचलो तेव्हा त्याचा उजवा पाय अजून ब्रेकच्या पेडलवर होता आणि गुडघ्यावर स्टिअरिंगची दांडी आली होती. दोघातिघांनी मिळून त्याला बाहेर काढलं. तो ओरडला नाही. शर्टाला लागलेली झेंडूची पाकळी मात्र त्यानं काढून टाकली.

तिसऱ्या दिवशी राजारामपुरीतल्या दवाखान्यात त्यानं मला आत बोलावलं. पायात सळी घातली होती. गुडघा वाकणार नाही, असं डॉक्टर वहिनींना सांगून गेले होते.

"ब्रेकचं काय चुकलं रं?" त्यानं सरळ मलाच विचारलं.

"तेल," मी म्हणालो. "लायनरला तेल लावत न्हाईत."



"तू खिडकीत हुतास की."

मी त्याच्या पायावरची चादर नीट केली.

"मी बघितलं तुज्याकडं. म्हटलं, चुकत असंल तर आपला धैर्या वरडंल. शिव्या देत का हुईना, वरडंल. तू गप उबा ऱ्हायलास, म्हून मग बिनघोर सगळ्यांना लावलं."

त्यात आरोप नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो, भांडायची मला सवय आहे. काय चुकलं ते तो नेहमीसारखा शोधत होता. मला माहीत नव्हतं म्हणालो असतो तर अठ्ठावीस वर्षांची नोकरी खोटी पडली असती. माहीत होतं म्हणायला माझी जीभ उचलेना. त्याचं मात्र समाधान झालेलं दिसलं. तो वहिनींकडे वळला.

"घरी गेलीस की वहीत लिव्ह. लायनरला तेल न्हाय."

त्या रविवारी मी नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या शेडमध्ये शिरलो. जीप ओढून आणून ठेवली होती, पुढचं बॉनेट आत गेलेलं. दारावरच्या यादीत 'ब्रेक'पुढेसुद्धा बरोबरची खूण होती. मी ती तळहातानं पुसली. आधी पुढचा पत्रा आणि स्टिअरिंगची दांडी सरळ केली. मग एकेक चाक घेतलं आणि ते पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावला नाही. एका शूच्या कडेला दादाच्या बोटाची हळद तशीच होती. नवे लायनर बसवताना दर वेळी साबणानं हात धुतले. सगळं धरून पाच रविवार लागले. वर्कशॉपात एवढं काम मी एका दिवसात करतो.

शेवटचं चाक बसवलं तेव्हा दादा घरी आला होता. ओसरीवर खुर्चीत बसून, पाय स्टुलावर सरळ ठेवून तो सगळं बघत होता. मी गाडीत चढलो आणि ब्रेक दाबला. पेडल वरच लागलं, घट्ट. मागच्या भिंतीवर दिव्यांचा लाल उजेड पडला.

"लागला?" दादानं विचारलं.

"लागला."

"मग काढ की बाहीर. जाऊन ये देवळापातूर."

मी पाय ब्रेकवरून काढला नाही.