तावलीवर वाजलेला डबा

तावलीच्या माथ्यावर पोचल्यावर मेघनाने पाठपिशवी उघडली आणि एकेक वस्तू कातळावर मांडली. वहीएवढा रेडिओ, बॅटरी, वीस मीटर वायरचं वेटोळं, नोंदवही, पेन्सिल, इअरफोन, पोळी-भाजीचा स्टीलचा डबा, चमचा. सगळं होतं. फक्त माईक नव्हता.

तिने पिशवी उलटी करून झटकली. आतून चिंचेची एक गोळी पडली.

"काय शोधतेस?" कमलेशने विचारलं. तो एका दगडावर बसून अजून धापा टाकत होता. मानपाड्याच्या या भूमिपुत्राची शेती गेली होती, तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीची गच्ची तेवढी त्याच्या ताब्यात होती, आणि त्या गच्चीवर त्याने इतक्या अँटेना ठोकल्या होत्या की सोसायटीच्या बायकांना कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. डोंबिवलीचा रेडिओ क्लब म्हणजे ती गच्ची.

"माईक राहिला, कमलेशदादा."

"राहिला म्हणजे?"

राहिला म्हणजे कुठे, हे मेघनाला चांगलं ठाऊक होतं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ती इन्व्हर्टरची कार्डं दुरुस्त करायची. काल सुटायच्या आधी तिथल्याच टेबलावर तिने माईकच्या वायरचं सोल्डर नव्याने मारलं होतं. डोंगरावर दगा नको म्हणून. मग गार व्हायला ठेवला, तो तिथेच राहिला.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," कमलेश म्हणाला. "माझा माईक आणला असता तरी तुझ्या रेडिओला लागला नसता. चला, पोळी खाऊ नि उतरू."

मेघनाने पिशवीचे कप्पे पुन्हा चाचपले. तिला उतरायचं नव्हतं.

हा खेळ जगभर काही वेडे लोक खेळतात. आपलं यंत्र आपल्याच पाठीवर वाहून डोंगराचा माथा गाठायचा, तिथून हवेत हाक घालायची, आणि कुठल्याही गावच्या, रेडिओचा परवाना असलेल्या निदान चौघांनी त्या हाकेला ओ द्यायची. चार झाले की शिखर जागं झालं, असं क्लबात म्हणत. तीनच झाले तर नुसती पायपीट. तावली अजून क्लबातल्या कुणी जागवली नव्हती. मेघनाला ती आज, बाबांच्या स्मृतिदिनाला जागवायची होती.

तिचे बाबा, राजरत्न, कल्याणला तार ऑपरेटर होते. ऑफिसच्या गच्चीवरून ते लहानग्या मेघनाला तावली दाखवायचे. "तारेला डोंगर आडवा आला की वळसा घालावा लागतो," म्हणायचे. "बिनतारीला डोंगर म्हणजे शिडी. रिटायर झालो की परवाना काढणार आणि तिथे चढणार." रिटायर व्हायला दोन वर्षं असताना ते गेले. मेघना तेव्हा वीस वर्षांची होती. आता कळव्याच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांचा फोटो होता, पण आवाज कुठेच नव्हता. ना कॅसेटवर, ना फोनमध्ये. आणि गेल्या वर्षभरात मेघनाच्या लक्षात आलं होतं की तिच्या डोक्यातूनही तो आवाज गेलाय. शब्द आठवायचे, आवाज आठवायचा नाही. हे तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. बापाचा आवाज विसरले, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

"मोर्सने करते," ती एकदम म्हणाली.

कमलेशने तिच्याकडे पाहिलं. त्याला स्वतःला मोर्सचं, म्हणजे टिंब-रेघांच्या त्या तारेच्या भाषेचं, एक टिंबही येत नव्हतं. मेघनाला यायचं. बाबांनी ती सहा वर्षांची असतानाच शिकवलं होतं, जेवायला बसल्यावर चमच्याने डब्यावर वाजवून. पण क्लबातल्या परीक्षेच्या सरावात प्रितम सरांनी तिला सगळ्यांदेखत थांबवलं होतं. "प्रत्येक ऑपरेटरचा हात वेगळा असतो, मान्य. पण तुझा हात लंगडतो, मेघना. अक्षराची शेवटची रेघ किती लांबवतेस! अशी हवेवर येऊ नकोस, लोक हसतील." ती दोन वर्षं रेघ आखूड करायला झटत होती आणि हवेवर एकदाही मोर्स वाजवलं नव्हतं.

"आणि वाजवणार कशावर?" कमलेशने विचारलं.

मेघनाने दाताने इअरफोनची वायर सोलली. आतल्या दोन तारांतली एक डब्याच्या झाकणाला गुंडाळली, दुसरी चमच्याला. पिन रेडिओत खोचली. चमचा डब्याला टेकला आणि रेडिओच्या पोटातून स्वच्छ आवाज आला, टीऽऽ.

"आयला," कमलेश म्हणाला आणि धापा विसरून बरोबर आणलेला बांबू उभा करायला धावला. वायर बांबूवरून तिरकी खाली बांधली. माथ्यावर दुसरं काही नव्हतंच. वाळलेलं गवत, वारा, आणि खाली धुरक्यात बुडालेलं कल्याण-डोंबिवली. लाखो माणसं, आणि इथून एकही दिसत नव्हतं.

मेघनाने मांडी घातली, डबा पुढ्यात घेतला. कुणी आहे का, कुणी आहे का, आणि मग परवान्यावरची स्वतःची अक्षरं. पहिल्या दोन हाका तिने सांभाळून मारल्या, रेघा मोजून मापून. उत्तर आलं नाही. तिसऱ्या वेळी तिच्या हाताने मोजणं सोडून दिलं. डबा होता, चमचा होता, हात आपोआप लहानपणच्या चालीवर गेला.

खरखरीतून एक बारीक शीळ वर आली. भूज.

मेघनाने गावाचं नाव वहीत टिपलं. तिचा रेडिओ फक्त पाच वॅट फेकत होता. झिरोचा बल्ब लावायलाही पुरली नसती एवढी वीज. आणि ती त्या वायरीतून निसटून आभाळाला टेकून थेट कच्छात उतरली होती. तिथे कुणीतरी सकाळच्या चहाचा कप बाजूला ठेवून तिला ओ देत होतं. मग हैदराबाद आलं. मग बऱ्याच वेळाने तिरुअनंतपुरम, इतकं क्षीण की कमलेश श्वास रोखून बसला. कुणीही हसलं नाही.

तीन झाले. मग अर्धा तास काहीच नाही. बॅटरीचा दिवा पिवळा झाला.

"आता एकच हाक पुरेल एवढा दम आहे," मेघना म्हणाली आणि वाजवलं.

उत्तर आलं. संथ, थोडं थरथरतं, पण एकेक अक्षर घोटून काढल्यासारखं. मेघनाने दोनच अक्षरं लिहिली आणि तिची पेन्सिल थांबली.

"काय म्हणतोय?" कमलेशने विचारलं.

"आरजे म्हणतोय. आरजे, पुढे प्रश्नचिन्ह."

"मग?"

"मी नाव सांगितलंच नाही, दादा. आणि आरजे मी नाही." तिने वहीतल्या त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. "तारेवर पूर्ण नाव कोण वाजवणार? प्रत्येकाची खूण असायची. आरजे बाबांची खूण. माझ्या प्रगतिपुस्तकावरही त्यांनी एकदा तशीच सही केलेली."

तिने विचारलं, कोण?

कुंडलिक. भुसावळ. आरजे, तूच ना?

मेघनाने डोळे मिटले. भुसावळचा कुंडलिक! बाबा आणि हा माणूस चौदा वर्षं तारेच्या दोन टोकांना बसले होते आणि जन्मात एकमेकांना भेटले नव्हते. तारा नसल्या की दोघांची जेवणाची विचारपूस चालायची. "आज कुंडलिककडे भरीत," अशी बातमी बाबा घरी आणत आणि आई म्हणायची, "त्याच्या चुलीवर काय आहे ते कळतं, आपलं पीठ संपलेलं नाही कळत."

म्हणजे आता ऐंशीच्या घरातला तो म्हातारा भुसावळला यंत्रापुढे बसला होता. त्याने खरखरीत एक लांबवलेली रेघ ऐकली होती आणि ती राजरत्नचीच, हे ओळखलं होतं.

खोटं बोलता आलं असतं. तिने सावकाश वाजवलं. मी त्यांची मुलगी. आरजे गेले. अठरा वर्षं झाली.

पलीकडे शांतता. नुसती खरखर. वाऱ्याने बांबू करकरला.

"गेला वाटतं," कमलेश हळूच म्हणाला.

तेवढ्यात शीळ परत उगवली. मेघना ऐकत गेली आणि लिहीत गेली, आणि लिहिता लिहिता तिच्या डोळ्यांतून पाणी वहीवर पडलं. कमलेशने वाकून वाचलं.

गेला नाही. आत्ताच ऐकला. परत वाजव.

काय वाजवायचं हे तिला सुचेना. मग हातानेच ठरवलं. बाबा कामावरून आले की डब्यावर पहिलं जे वाजवायचे, तेच तिने वाजवलं, फक्त आदरार्थी करून. जेवलात का? प्रत्येक अक्षराची शेवटची रेघ लांब, अगदी हवी तेवढी लांब.

उत्तराला वेळ लागला नाही. भरीत.

आणि बॅटरी संपली.

मेघना हसत होती आणि रडत होती. बाबांचा आवाज तिला तेव्हाही आठवला नाही. पण आज तिने तो शोधला नाही. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली, जणू तो आत्ताच कुणीतरी तिच्या मांडीवर आणून ठेवला होता.

कमलेशने बांबू आडवा केला. "चार झाले. जागी झाली तुझी तावली. खाली रेंज आली की प्रितमला फोन करतो."

"कर," मेघनाने चमच्याची वायर सोडवत डबा उघडला. "आणि त्यांना सांग, रेघ मी आखूड करणार नाही."